कोल्हापुरात तलावावर शिडाची होडी शिकलो. देवगडसारख्या उथळ, आडोशाच्या बंदरात नांगर किती पाण्यात टाकायचा आणि दोर किती सोडायचा?

मीही कोल्हापूरचाच. आजोळ देवगडकडचं, त्यामुळे सुट्टीत होडीत बसणं लहानपणापासूनचं. तरी शीड हातात घेतलं ते बऱ्याच उशिरा, आणि नांगराचा धडा मिळाला तो चारचौघांत हसं होऊन.

आधी दोराचं सांगतो, कारण ते शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळतं. मराठीत शेतातल्या आणि समुद्रातल्या दोन्ही वस्तूंना आपण नांगरच म्हणतो, आणि दोन्हींचं चालणंही एकाच नियमानं. लोखंडी नांगराची साखळी आखूड केली की बैलांची ओढ वरच्या बाजूला जाते आणि फाळ उथळ चालतो. लांब सोडली की ओढ सपाट होते, फाळ जमिनीत शिरतो. होडीच्या नांगराचंही तेच. तो वजनानं होडी धरत नाही, गाळात रुतून धरतो, आणि ओढ तळाला समांतर असेल तरच रुततो. दोर ताठ उभा राहिला की होडीच त्याला उपटून काढते.

म्हणून दोर खोलीच्या पटीत सोडायचा. पूर्ण साखळी असेल तर पाचपट, नुसता दोर असेल तर सातपट. सातपट कशाच्या, इथे तलावावर शिकलेला माणूस चुकतो. आत्ता दिसणाऱ्या पाण्याच्या नव्हे. भरती पूर्ण चढल्यावर जेवढं पाणी होईल, त्यात होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवायची. समजा ओहोटीला तुम्ही सहा फूट पाण्यात आहात. उधाणाला आणखी सहा फूट चढणार धरा, नाळ दोन फूट वर. झाले चौदा. म्हणजे साधारण शंभर फूट दोर. ओहोटीच्या हिशोबानं पन्नास-साठ फूट सोडून झोपलात, तर भरतीला होडी आपली आपण फिरायला निघेल. दोरच वापरणार असाल तरी नांगराजवळ दोन-तीन वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) साखळी जोडा. तिच्या वजनानं ओढ खाली राहते.

आता पाणी किती हवं ते, म्हणजे माझं हसं. अमावास्येचा दिवस, साडेअकराचा सुमार, भरती भरलेली. आम्ही तिघं खाडीत आत शिरलो, बांबू घालून बघितला, पाच फूट पाणी. होडीचा बुडीत भाग दोन फूट. तीन फूट शिल्लक म्हणजे ऐसपैस, असं म्हणून नांगर टाकला आणि छोट्या होडक्यातून किनाऱ्यावर जेवायला गेलो. तासाभरानं बघितलं तर पाणी जेमतेम वीतभर उतरलेलं. निर्धास्त झालो. तिथंच फसलो. ओहोटी एकसारखी उतरत नाही. सहा फूट उतरायचं असेल तर पहिल्या तासात अर्धा फूट, दुसऱ्यात एक, तिसऱ्या-चौथ्यात दीड-दीड, मग पुन्हा एक आणि शेवटी अर्धा. अडीच वाजता होडी टेकली, चारला चिखलात आडवी, साडेपाचला तिच्याभोवती खेकडे फिरत होते. परत तरंगली रात्री साडेआठला. एक म्हातारे तांडेल (होडीचे म्होरके) येऊन एवढंच विचारून गेले, "आज तिथी कुठची, म्हायत नाय तुमका?"

तिथीचा हिशोब कालनिर्णय भिंतीवर असणाऱ्या कुणालाही जमेल. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. सकाळ-संध्याकाळ दोन्ही. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाण्याची चढउतार सगळ्यात जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा कमी. नवख्यानं पहिली खेप भांगाचीच धरावी. आपण पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. तिथं पाणी फूटभर चढायला कित्येक तास घेतं. इथं रोज दोनदा माणूस बुडेल एवढं येतं आणि जातं.

जागा निवडताना तळ बघा. देवगडची खाडी चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेली, आत गाळ, नांगराला उत्तम. मालवणला तसं समजू नका. सिंधुदुर्गाभोवती खडक पसरलेत, नांगर कपारीत अडकला की निघत नाही. तिथं नांगराच्या टाचेला, म्हणजे खालच्या टोकाला, वेगळी बारीक दोरी बांधून तिच्या टोकाला रिकामा डबा तरंगत ठेवा, उलटा ओढून काढता येतो. (मालवण 1812 पर्यंत कोल्हापूरच्या करवीर गादीकडे होतं. आपल्याला समुद्राचं काय कळतंय म्हणणाऱ्यांना सांगायला बरं.)

शीड लावून आत येताना पुढचं छोटं शीड आधी उतरवा. होडीचं तोंड वाऱ्यात घालून ती थांबू द्या, मग नांगर सोडा. फेकायचा नाही. होडी मागे सरकेल तसा दोर देत जा, शेवटी खुंटीला एक वेढा मारून ताण घ्या. किनाऱ्यावरचे दोन खुणेचे ठिपके एका रेषेत धरा, समजा माड आणि देवळाचा कळस. अर्ध्या तासानं रेष मोडली असेल तर नांगर घसरतोय.

आणि भोवती जागा सोडा. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, दुपारी खारा समुद्राकडून, म्हणजे होडी नांगराभोवती अर्धी फिरते. शंभर फूट दोर म्हणजे तेवढ्या अंतरात दुसरी होडी नको, खडक नको. जागा अरुंद असेल तर मागूनही एक नांगर टाका.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तुम्हीही घरीच राहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले महिने. गगनबावड्यावरून घाट उतरून पोचलात की आधी बंदराच्या ऑफिसात सांगा, मग जेटीवर एखाद्या तांडेलाजवळ चहा प्यायला बसा. वाळूचा दांडा यंदा कुठं सरकलाय ते त्यालाच माहीत असतं.