आधी खाणाऱ्यांना विचार

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. सोसायटीच्या कमिटीने इमारतीमागची मोकळी पट्टी भाजीसाठी दिली म्हणतेस, हे छानच झालं. पण खाली ब्रोकोली, झुकिनी, चेरी टोमॅटो अशी बियांची यादी वाचली आणि आमचंच पहिलं वर्ष आठवलं. आम्हीही गच्चीवर अगदी हेच लावलं होतं. ब्रोकोलीला नुसती पानं आली, गड्डे लिंबाएवढे. झुकिनी मात्र धो धो आली आणि चार घरं सोडली तर तिचं करायचं काय, हे कोणालाच कळेना. बरीचशी खताच्या टाकीत गेली. तेव्हा तळमजल्यावरच्या एका आजी म्हणाल्या, "खाणाऱ्यांना कोणी विचारलं होतं का?"

म्हणून बिया मागवण्याआधी एका रविवारी घरोघर जा. दोनच गोष्टी विचार. आठवड्यात कोणती भाजी हमखास होते? आणि लहानपणी खाल्लेली कोणती भाजी आता मिळत नाही? दुसऱ्या प्रश्नावर माणसं दारातून हलत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. चाकवत, चुका, अंबाडी, मायाळू, घोळ... एका बाई तर अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी कशी ओतायची हे सांगता सांगता आत जाऊन भाकरीचं पीठच घेऊन आल्या. तीच तुझी खरी यादी.

एक गोष्ट मात्र कमिटीला आत्ताच स्पष्ट सांग. या पट्टीवर चाळीस घरांचं पोट भरणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं सुधारून दिली. त्यांच्या दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं आहेत. चौघांचं घर धरलं तर रोजची दीड किलोच्या वर भाजी झाली. एवढी पिकवायची तर शेतच हवं. "भाजीचा खर्च वाचेल" असं म्हणून कोणाला गोळा केलंस, तर तिसऱ्या महिन्यात तेच लोक हिशेब मागतील.

मग मिळतं काय? अमेरिकेत डेन्व्हर परिसरात एक चांगला प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. 291 माणसं घेतली. निम्म्यांना सार्वजनिक बागेत वाफा दिला, निम्म्यांना एक वर्ष थांबायला सांगितलं. बागेतल्यांच्या पोटात इतरांपेक्षा दिवसाला सुमारे 1.4 ग्रॅम तंतुमय पदार्थ जास्त जाऊ लागले. चालणं-हलणं थोडं वाढलं, मनावरचा ताण आणि काळजी कमी झाली. 1.4 ग्रॅम ऐकून तू हसशील. पण कोणी पथ्य सांगितलेलं नसताना, नुसता वाफा हाती आल्यावर हे घडलं, म्हणून मला ते मोठं वाटतं.

आमच्याकडे हे कसं घडलं ते मी पाहिलंय. नोकरी करणाऱ्या घरात पालेभाजी का होत नाही? आवडत नाही म्हणून क्वचितच. जुडी आणायची, निवडायची, दोन दिवस राहिली की पिवळी पडते, मग टाकताना जीव तुटतो, म्हणून पुढच्या वेळी आणायचीच नाही. बागेत जुडी नसते. संध्याकाळी खाली उतरायचं, मूठभर मेथी खुडायची, वरणात किंवा थालीपिठात घालायची. निवडायला काही उरतच नाही. म्हणून सुरुवात खुडता येणाऱ्या भाज्यांनी कर: मेथी, माठ, पालक, चवळी, कोथिंबीर, पुदिना. मेथी महिन्याभरात हाताशी येते आणि नव्या लोकांचा धीर महिनाभरच टिकतो. वांगी-दोडके नंतर. अळू जरूर लाव, पण खायचंच आहे ना याची जाणत्या माणसाकडून खात्री करून. शोभेच्या अळूची पानं हुबेहूब दिसतात.

आता जागेचं. इमारतीच्या भिंतीलगत बहुधा वाळवीचं औषध टोचलेलं असतं. सेक्रेटरींना विचार, आणि शंका असेल तर भिंतीपासून लांब, विटांचे उंच वाफे करून बाहेरची माती भर. राडारोडा जितका निघेल तितका काढ. पाच-सहा तास ऊन कुठे पडतं ते आठवडाभर बघ. खत विकत घेऊ नकोस, चाळीस घरांचा ओला कचरा आणि झाडांचा पाला तुझ्याकडे आहे. मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर अशाच उरल्यासुरल्यातून बाग उभी केली होती. जेवण जिथे रांधलं जायचं त्याच्याच छपरावर भाजी पिकली. मला यातलं अंतर आवडतं, एका जिन्याचं.

वाटपावरून भांडण होईल. आमच्याकडे झालं, आणि तेही चार भेंड्यांवरून. मग ठरवलं, शनिवारी संध्याकाळी जो पाणी घालायला, तण काढायला येईल तो खुडेल. जे चढू-उतरू शकत नाहीत त्यांच्या दाराशी आधी पोचवायचं. एवढाच नियम. जास्त नियम लिहिलेस तर बाग राहील आणि माणसं जातील.

खाली उतरलेली माणसं एकमेकांची औषधंही विचारू लागतात, तिथे लक्ष ठेव. आमच्याकडे एका काकांनी कारल्याच्या रसावर भरवसा ठेवून साखरेच्या गोळ्या बंद केल्या होत्या, ओरडून पुन्हा सुरू करायला लावल्या. रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्या चालू असतील तर पालेभाजीचं प्रमाणही एकाएकी वाढवायचं नसतं, आधी डॉक्टरांना विचारायला सांग. भाजी औषध नाही, भाजी आहे.

आणि ऋषिपंचमी विसरू नकोस. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून आपल्याकडे त्या दिवशी ऋषीची भाजी होते. तुझ्या वाफ्याइतकी बैल न लागलेली जागा शहरात दुसरी कुठली? गणपतीच्या दुसऱ्याच दिवशी येते, सगळे घरी असतात. अळू, माठ, दोडकी, भेंडी, भोपळा, जे असेल ते एका पातेल्यात. आमच्याकडे त्या दिवशी एका शाळकरी मुलाने, जो घरी पालेभाजीचं ताट ढकलायचा, दोनदा वाढून घेतलं. माठ त्याने लावला होता, एवढंच कारण.

तुझी,
काकू

ता. क. सोबतच्या पुडीत मायाळूच्या बिया आहेत. रात्रभर भिजवून मग पेर, टणक असतात. वेल जाळीवर चढव, नाहीतर शेजारच्या गाडीवर जाईल. आमच्याकडे गेला होता.