मोतीबिंदूची लेन्स: आधी पर्याय कमी करा

आईच्या मोतीबिंदूसाठी पाच लेन्सचा दरतक्ता हाती आला की बऱ्याच घरांत ऑपरेशन लांबणीवर पडतं, नाहीतर सगळ्यात महाग लेन्स ठरते. तुम्ही तक्ता बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना आधी विचारा, ‘आईच्या डोळ्याला कोणत्या लेन्स चालणार नाहीत?’ काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर मल्टिफोकल (जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स) बहुधा इथेच बाद होते. टोरिक लागते ती कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची) वक्रता असमान असेल, म्हणजे सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर.

मग आईंना विचारा (उत्तर त्यांचंच हवं, मुलांचं नको): वाचायला चष्मा चालेल का? चालत असेल तर लांबचं स्वच्छ दाखवणारी मोनोफोकल उत्तम. मल्टिफोकलमध्ये प्रकाश जवळच्या आणि लांबच्या नजरेसाठी विभागला जातो. त्यामुळे रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, मंद उजेडात थोडं फिकट वाटतं. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी याचा नीट विचार करावा. ‘फोल्डेबल’ म्हणजे बारीक छेदातून घडी करून बसवता येणारी; चष्मा जाण्याशी त्याचा संबंध नाही.

डोळे कोरडे असतील तर बायोमेट्रीआधी, म्हणजे लेन्सचा नंबर काढायला डोळ्याचं मोजमाप घेण्याआधी, उपचार करून घ्या. मोजमाप चुकलं तर महागड्या लेन्सचाही नंबर चुकतो.