युद्ध चालू असताना मदतकार्य करणाऱ्याने शांततेची बाजू उघडपणे मांडावी का?

तुमचा प्रश्न असा, की युद्धभागात अन्न-औषधं वाटणारा माणूस ‘हे युद्ध थांबवा’ असंही बोलू लागला तर त्याचं मदतीचं काम बंद पडत नाही का? पडतं. पण गप्प राहणाऱ्याचं काम तरी कितपत चालतं, हेही बघायला हवं. या विषयावर मी बरंच वाचलंय आणि दर वेळी मला एमिली हॉबहाउस आठवतात.

कॉर्नवॉलमधल्या एका पाद्र्याची ही मुलगी. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर (तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी) यांचं युद्ध जुंपलं, तेव्हा इंग्लंडमध्ये युद्धविरोधी सभा भरवण्यात या बाई पुढे होत्या. इंग्रज फौजा बोअरांची शेतंघरं जाळून बायकापोरांना छावण्यांत डांबतायत हे कळल्यावर त्यांनी निधी जमवला आणि डिसेंबर १९०० मध्ये केपटाउन गाठलं. म्हणजे बाई आधी शांततावादी, मग स्वयंसेवक, आणि हे कुणापासून लपलेलं नव्हतं. तरी दक्षिण आफ्रिकेतले ब्रिटिश उच्चायुक्त मिल्नर यांनी परवानगी दिली. सेनापती किचनर यांनी मात्र ब्लूमफाँटेन या शहराच्या पुढे जायचं नाही, अशी अट घातली.

रेल्वेच्या डब्यात कपडे नि खाण्याचं सामान भरून त्या जानेवारी १९०१ मध्ये तिथे पोचल्या. छावणीत दोनेक हजार माणसं, त्यांतली नऊशेच्या वर मुलं. तंबूत दाटीवाटी, वर आफ्रिकेतलं ऊन. पाणी मॉडर नदीचं, टायफॉइडला आमंत्रण देणारं. ते उकळावं तर सरपण पुरेना. शिध्यात साबण नव्हता. त्यांनी मागितला तर उत्तर मिळालं की साबण ही चैनीची वस्तू आहे! ज्यांचे नवरे अजून लढत होते, त्या कुटुंबांना तर सुरुवातीला शिधाही कमी मिळायचा. आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी साबण मागणं हे मदतकार्य की राजकारण? मला तरी तिथे रेघ मारता येत नाही.

इतर छावण्या बघून त्या ब्लूमफाँटेनला परतल्या, तोवर तिथली माणसं दुपटीवर गेली होती. आणलेले कपडे कुणाकुणाला पुरणार? वाटप करत बसण्यापेक्षा लंडनला जाऊन सांगणं जास्त उपयोगाचं, असं त्यांनी ठरवलं. जून १९०१ मध्ये अहवाल छापला. विरोधी पक्षनेते कॅम्बेल-बॅनरमन यांनी त्यांची भेट घेतली आणि युद्धाच्या या पद्धतीला जाहीर भाषणात रानटी म्हटलं. मग सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली फक्त बायकांची समिती नेमली. हॉबहाउसना तीत घेतलं नाही, पण समितीच्या शिफारशी बऱ्याचशा त्यांच्याच अहवालातल्या निघाल्या. पुढे छावण्या मुलकी कारभाराकडे गेल्या आणि मृत्यूंचं प्रमाण उतरलं. तोवर फार उशीर झाला होता. सव्वीस हजारांहून जास्त बोअर बायका-मुलं दगावली, त्यांत मुलंच बहुसंख्य.

बाईंनी याची किंमत चुकवली. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्या पुन्हा केपटाउनला गेल्या तर बोटीवरून उतरूच दिलं नाही. परत पाठवायच्या बोटीवर पायी जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा सैनिकांनी शालीत गुंडाळून उचलून नेलं. मायदेशात ‘देशद्रोही’ हे तर रोजचंच.

त्यांच्या कामात एक मोठी उणीव होती, तीही सांगायला हवी. कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथेही किमान चौदा हजार माणसं दगावली, पण बाईंच्या अहवालात ती जेमतेम दिसतात. आपल्या नजरेसमोर आहे त्याच दुःखाची साक्ष देता येते, हे खरं. पण नजर कुठे फिरते हेही आपणच ठरवत असतो.

तर, शांततेबद्दल बोलल्याने पत जाते का? सरकारदरबारी जाते. पण ज्यांच्यासाठी राबलात त्यांच्याकडे ती वाढते. गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतला सत्याग्रह ऐन भरात असताना, १९१३-१४ मध्ये, बाईंनी स्मट्स यांना समेटासाठी पत्रं लिहिली. स्मट्स पूर्वीचे बोअर सेनानी, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारातले मंत्री. त्यांच्या लेखी या बाईंच्या शब्दाला वजन होतं. उलट १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात त्या थेट बर्लिनला जाऊन जर्मन परराष्ट्रमंत्र्यांना भेटल्या, त्यातून काही निघालं नाही. तिथे त्यांची काही पुण्याई जमा नव्हती.

तुम्ही स्वतः जायच्या विचारात असाल तर संस्था नीट पारखून घ्या. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस जे बघते ते सहसा जाहीर करत नाही, संबंधित सरकारांशी गुप्तपणे बोलते. त्यामुळे तिला तुरुंगात, युद्धकैद्यांपर्यंत जाता येतं. नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात हे मौन काही फ्रेंच डॉक्टरांना सहन झालं नाही, आणि त्यांच्यातले काहीजण १९७१ मध्ये ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ (सीमांपलीकडचे डॉक्टर) या संस्थेच्या स्थापनेत होते. ती संस्था बोलते, आणि कधीकधी तिला देश सोडावाही लागतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण एका माणसाला एकाच वेळी दोन्ही जमणार नाहीत. माध्यमांशी काय बोलायचं, काय नाही, याची कलमं बहुतेक संस्थांच्या करारात असतात. सही करण्याआधी तेवढं पान नक्की वाचा.