जॉब कोच नोकरीत कायम सोबत राहतो का? मुलाला तीव्र बौद्धिक अपंगत्व आहे, कोच गेल्यावर काय?

नाही, कोच, म्हणजे कामाच्या जागीच काम शिकवणारा आणि आधार देणारा माणूस, कायम शेजारी उभा राहत नाही. पण नोकरी टिकण्यासाठी लागणारा आधार गरज असेल तोवर चालू राहायला हवा, सहाय्यित रोजगाराची (अपंग व्यक्तीला आधार देऊन खऱ्या नोकरीत टिकवण्याची) कल्पनाच ती आहे. याच कामात आहे, म्हणून सांगते. इथे पद्धत उलटी असते: आधी वर्षानुवर्षं प्रशिक्षण आणि मग नोकरी असं नाही, तर आधी खरी, पगाराची नोकरी आणि शिकणं त्याच जागेवर. सुरुवातीला कोच बहुतेक वेळ तिथेच असतो. कामाचे तुकडे पाडतो. समजा टॉवेलच्या घड्या घालायच्या असतील, तर प्रत्येक टप्प्याचा फोटो टेबलावर चिकटवतो. एखादा टप्पा न सांगता जमू लागला की तेवढ्यापुरता मागे सरकतो. मुलगा 'आता पुढे काय?' हे कोचऐवजी शेजारच्या सहकाऱ्याला विचारू लागला, की जमतंय असं समजायचं. कोच फार चिकटून राहिला तर हे होतच नाही (आणि असे कोच बरेच असतात). नंतर अधूनमधून भेट, फोन. सुपरवायझर बदलला किंवा मशीन नवं आलं की पुन्हा काही दिवस हजर.

मात्र पैसे कोण देतं यावर मुदत ठरते. अमेरिकेत व्यावसायिक पुनर्वसन विभागाकडून (अपंग व्यक्तींना नोकरीसाठी मदत करणारी सरकारी यंत्रणा) ही सेवा साधारणपणे 24 महिन्यांपर्यंत मिळते, पुढचा आधार दुसऱ्या यंत्रणेकडे जातो. ती यंत्रणा कोणती, हे मुलगा रुजू होण्याआधीच लेखी घ्या.