फिरायला जातो, पण मन रमत नाही. माझं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की तीन महिने रोज चालताय, मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावलं भरताय, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर डोंगरावर जाताय, आणि तरीही 'निसर्गात मन रमतं' असं लोक म्हणतात ते तुम्हाला कधी जाणवलं नाही. मित्र म्हणतात, तुझा दम कमी पडतो, तू सारखा मागे राहतोस. रोज किती चालावं आणि मजा यायला काय करावं, असं विचारलंय.

'सारखा मागे राहतोस' एवढं वाचलं आणि हातातलं काम ठेवून उत्तर लिहायला बसले. हे वाक्य मी एकोणीस वर्षं ऐकतेय.

आधी स्पष्ट सांगते. तुमचं काही चुकत नाहीये, तुमच्या मित्रांचं चुकतंय.

माझा दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. डोंगरांचं वेड घरात त्यानंच आणलं आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मी बावीस वर्षांची असताना तो मला पहिल्यांदा त्याच्या गटाबरोबर घेऊन गेला. आम्ही नऊ जण होतो. आदल्या रात्री त्यानं कागदावर वेळापत्रक मांडलं. माथ्यापर्यंत अंतर पाच किलोमीटर, चढ सहाशे मीटर. गिर्यारोहकांमध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश माणसानं १८९२ साली घालून दिलेला एक हिशेब चालतो: तीन मैलांना, म्हणजे साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि दर दोन हजार फूट, म्हणजे सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्यामुळे आमचे दोन तास ठरले. आठला निघायचं, दहाला माथा.

पहिली चाळीस मिनिटं मी काय पाहिलं असेल, तर पुढच्या माणसाच्या टाचा. खरंच दुसरं काही आठवत नाही. गटात भराभर चढताना नजर पायाखालीच ठेवावी लागते, नाहीतर ठेच लागते. मग बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाटेच्या कडेला एका दगडावर बसले. सगळ्यात मागचा मुलगा म्हणाला, "ये मागून." मी हो म्हटलं. नाडी बांधून मान वर केली तर डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, एका वाळक्या काटकीवर ओल्या मातीचं कडं दिसलं. नखाएवढं गोल. त्यावर एक गांधीलमाशीसारखी माशी बसलेली, काळी-पिवळी, कंबर दोऱ्याएवढी बारीक.

तिला कुंभारीण म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की ती टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडी मोठी अशी ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून येतेय, कड्यावर टेकवतेय आणि मागे मागे सरकत ती गोळी पट्टीसारखी पसरवत जातेय. मिशांनी भिंतीला आतून-बाहेरून सारखं चाचपत होती, जाडी मोजावी तसं. पट्टी लावून झाली की उडून जायची. दोन-तीन मिनिटांत पुढची गोळी. नवी पट्टी गडद, आधीची तोवर सुकून फिकी पडलेली, त्यामुळे बुडापासून वरपर्यंत वळी दिसत होती. तेवीस खेपा मी मोजल्या. शेवटच्या दोन-तीन खेपांत तिनं तोंड आवळत आणलं आणि वर बाहेरच्या बाजूला वळलेला काठ काढला. हुबेहूब घागर. त्या काठाचा उपयोग काय, कोणी शिकवला, असं काहीबाही मनात येत होतं, पण खरं सांगायचं तर मनात फार काही नव्हतंच. मी नुसती बघत होते. पाय दुखतायत हे विसरले होते, तहान विसरले होते, दादाला विसरले होते.

मडकं झाल्यावर तिनं पाठ फिरवली, पोटाचं टोक तोंडातून आत घातलं आणि थोडा वेळ निश्चल राहिली. ती अंडं घालत होती. ते अंडं आत छताला एका बारीक तंतूनं टांगलेलं असतं. त्यानंतर ती अळ्या शोधते, नांगी मारून त्यांना लुळं करते, मारत नाही, कारण मेलेली अळी कुजेल. अशा अळ्या मडक्यात कोंबून ती तोंड मातीनं लिंपून टाकते. पिल्लू आत ती शिदोरी खात वाढतं. ती पहिली अळी घेऊन आली, इतपत मी पाहिलं.

तेवढ्यात वरून दगड गडगडल्याचा आवाज आला आणि दादा धावत उतरताना दिसला. चेहरा लाल. अकरा वाजत आले होते. मी बसले त्याला दोन तास झाले होते. "तू इथं काय करतेयस?" एवढ्या मोठ्यानं ओरडला की कुंभारीण उडाली. मी म्हटलं, "दादा, हे बघ ना." तो वाकलासुद्धा नाही. "माशी बघायला डोंगरावर यावं लागतं का?"

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "वरून काय दिसलं?" तो म्हणाला, "दोन तास चार मिनिटं लागली."

ते उत्तर मी विसरू शकले नाही. आणि घरातल्या प्रत्येक कार्याला, प्रत्येक जमलेल्या बैठकीत तो अजूनही सांगतो की हिनं डोंगर पाहिलाच नाही, ही अर्ध्यात बसली. मी आता एकेचाळीस वर्षांची आहे. त्या डोंगराचं मला जेवढं आठवतं त्याच्या दशांशही त्या आठ जणांना आठवत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

आता तुमच्या दहा हजार पावलांविषयी. तो आकडा कुठल्या डॉक्टरांच्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव लक्षात राहण्यासारखं होतं, आकडा गोल होता, जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फरक दिसला नाही. तुमचं वय कमी असेल तर आकडा थोडा वेगळा असू शकतो, पण दहा हजार भरले नाहीत म्हणून रात्री खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायची गरज नाही. तुम्ही घालता, असं तुम्हीच लिहिलंय. सोडून द्या.

मन का रमत नाही, याचं माझ्या मते खरं कारण त्या घड्याळातच आहे. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं लक्षाचे दोन प्रकार मांडले. एक आपण जोर लावून टिकवतो ते, हिशेब करताना, गाडी चालवताना, स्क्रीनसमोर. ते थकतं. दुसरं आपोआप खेचलं जातं, पानांची हालचाल, पाणी, ढग, मुंगीची रांग बघताना. ते चालू असताना पहिल्याला विश्रांती मिळते. बाहेर पडून तुम्ही पावलं, मिनिटं आणि पुढच्या माणसाशी पडलेलं अंतर मोजत असाल, तर थकलेलंच लक्ष पुन्हा कामाला जुंपलंय. विश्रांती मिळणार कुठून? दादाला मी हे गेल्या वर्षी सांगितलं. तो म्हणाला, तू पुस्तकं वाचून भांडायला येतेस. पण तुम्ही स्वतः करून बघा, मग ठरवा.

आणि ज्या नेस्मिथच्या हिशेबावरून मला एवढं ऐकवलं जातं, त्यात थांबण्याचा एक मिनिटही धरलेला नाही. तो धडधाकट माणसाच्या सलग चालण्याचा हिशेब आहे. अंधार पडायच्या आत परत येऊ का, हे ठरवायला तो फार उपयोगी आहे. चाललो ते सार्थकी लागलं का, हे त्यावरून ठरत नाही.

किती चालावं याचं माझं उत्तर: आठवड्यातून दोन तास झाडांमध्ये राहा. हे अगदीच हवेतलं नाही. २०१९ मध्येच इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. एकदम घालवली की तुकड्यातुकड्यानं, यानं फरक पडला नाही. किती किलोमीटर चाललात, ही त्यातली अट नव्हती.

रस्ता एकच ठेवा. दादाचं म्हणणं, तोच रस्ता रोज काय चालायचा, कंटाळा येतो. मला हे मुळीच पटत नाही. डार्विन १८४२ पासून १८८२ मध्ये जाईपर्यंत डाऊन हाउस या एकाच घरात राहिला आणि तिथल्या 'सँडवॉक' नावाच्या छोट्याशा पायवाटेवर वर्षानुवर्षं फेऱ्या घालत राहिला. वळणावर गारगोट्यांची रास ठेवायची, दर फेरीला एक पायानं उडवायची, म्हणजे मोजणीकडे डोकं लावायला नको. रस्ता ओळखीचा झाला की पाय आपले आपण चालतात आणि डोळे मोकळे होतात. काल नव्हतं ते आज दिसतं. नव्या रस्त्यावर हे कळणारच नाही, कारण काल काय होतं हेच तुम्हाला माहीत नसतं.

त्या रस्त्यावर एक बसायची जागा ठरवा आणि रोज दहा मिनिटं हलू नका. पहिली काही मिनिटं काहीच नसतं, कारण तुम्ही आलात म्हणून सगळे गप्प झालेले असतात. मग पक्षी पुन्हा बोलायला लागतात, पाचोळा हलायला लागतो. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात ठेवा, डोळ्याला अगदी चिकटवून धरा आणि वस्तू जवळ आणा. बुटांचं विचारलंय, तर पायाला न चावणारे आणि न घसरणारे पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात ते चढानं नव्हे, उतारानं, कारण उतरताना स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. उतार सावकाश उतरा.

मित्रांना सोडू नका म्हणणार नाही. सोडा. निदान एक महिना एकटे जा, किंवा अशा कोणाबरोबर जा की जो तुम्ही थांबल्यावर "काय दिसलं?" म्हणून विचारेल.

मात्र ओळखीच्या रस्त्याबाहेर, डोंगरावर, एकटं मागं राहू नका. यात दादाचं बरोबर होतं आणि मला ते कबूल करायला वीसेक वर्षं लागली. तो रागानं लाल झाला नव्हता, घाबरून धावत आला होता. माथ्यावर डोकी मोजली तर एक कमी. मी 'येते मागून' म्हटलं आणि आले नाही, हे मी करायला नको होतं. गटात असाल तर थांबणार आहे हे आधी सांगा, कुणालातरी बरोबर थांबवा, परतायची वेळ ठरवा आणि ती पाळा. हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर पावलांबद्दल मी वर जे लिहिलं ते बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांना विचारा. पण हे सगळं सांभाळूनही थांबता येतं. त्याला धावत येऊन दोन मिनिटं वाकता आलं असतं, मी अजूनही हेच म्हणेन.

कुंभारणीचं मडकं शोधायला डोंगरावर जावं लागत नाही. वाळक्या काटक्या, कुंपणाची तार, भिंतीचा कोपरा, खिडकीची चौकट, पाऊस लागणार नाही अशी आडोशाची जागा बघा. सापडलं तर आधी तोंड बघा. उघडं असेल तर ती अजून येतेय, बाजूला बसा आणि वाट बघा. तोंड लिंपलेलं असेल आणि अंगाला गोल भोक असेल तर पिल्लू मोठं होऊन गेलं, ते मडकं हातात घेऊन आत डोकावता येईल. लिंपलेलं असेल आणि भोक कुठेच नसेल, तर आत कुणीतरी आहे, हात लावू नका. जागा लक्षात ठेवा आणि उद्या पुन्हा त्याच वाटेनं जा.