सत्तावीस ठिकाणांची लिस्ट आणि एक पिन्या

प्रिय पोरी,

तुझा मेल परवाच आला होता, उत्तराला दोन दिवस लागले कारण तुझी लिस्ट नीट वाचायची होती. सत्तावीस ठिकाणं, प्रत्येकापुढे वीकेंडची तारीख, बसचं भाडं, कुठे कुणाच्या रूमवर राहता येईल ते, एवढं सगळं बार्सेलोनात येऊन जेमतेम पाच आठवडे झालेले असताना केलंयस. आणि शेवटी विचारलंयस की ताई, दोन वर्षांत स्पेन बघून होईल ना.

होईल गं. लिस्टमधलं काहीच वाईट नाहीये. ग्रानादा शहरातला आलांब्रा किल्ला तर बघच, फक्त तिकीट बरंच आधी काढ, आतल्या नासरी महालांत जायची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि ती चुकली की चुकली, म्हणून पासपोर्ट घेऊन लवकर जाऊन उभी राहा. पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे. मी इथे आले तेव्हा पहिली तीन वर्षं मीही हेच केलं, शुक्रवारी ऑफिस सुटलं की बॅग पाठीवर, रविवारी रात्री घरी. खूप बघितलं. आणि चौथ्या हिवाळ्यात तापाने पडले तेव्हा लक्षात आलं की ज्या बिल्डिंगमध्ये राहते तिथल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही, खालून गोळ्या आणून द्या असं कुणाला सांगू तेच कळेना. तीन दिवस तशीच पडून होते. ते दिवस तुझ्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

टुरिस्ट चार दिवस येतो आणि जे दिसेल ते बघून जातो, त्यात त्याचं काही चुकत नाही. तुझ्याकडे एकाच गल्लीतलं अख्खं वर्ष आहे, लागोपाठ दोन वर्षं. पहिल्या वर्षी तू सण लांबून बघशील, दुसऱ्या वर्षी तोच सण आला की तुला कुणीतरी काम सांगायला हवं, खुर्च्या लाव, कांदे सोल, काहीही. मला विचारशील तर स्पेन बघायची माझी एवढीच पद्धत आहे.

आणि तुझ्यासाठी दार उघडंच आहे, ते तुला दिसलं कसं नाही याचं मला नवल वाटलं. मेर्सेला, म्हणजे बार्सेलोनाच्या शहर-उत्सवाला, २४ सप्टेंबरला, तू प्लासा सांत जाउमे चौकातून मला व्हिडिओ पाठवलास, माणसांचे मनोरे, खाली लिहिलंस 'ताई सेम दहीहंडी!!!' अगं तू लालबागच्या महिला पथकात चार वर्षं तिसऱ्या थरावर होतीस ना? मग गर्दीत मोबाईल वर करून का उभी राहिलीस?

तर ऐक. या मनोऱ्यांना कास्तेल म्हणतात, म्हणजे किल्ला. सुरुवात तारागोनाजवळच्या वाल्स गावातली, अठराव्या शतकाच्या शेवटाकडची, आधी तो मिरवणुकीतल्या एका नाचाचा शेवटचा भाग होता, मग नाच मागे पडला आणि मनोरा राहिला. पथकाला कोया म्हणतात, आज कातालुन्यात, म्हणजे बार्सेलोना ज्या प्रांतात आहे तिथे, शंभराच्या आसपास कोया आहेत, प्रत्येकीच्या शर्टाचा रंग वेगळा, विलाफ्रांकाचे हिरवे, सांत्सचे राखाडी, ग्रासियाचे निळे. पांढरी पँट, अनवाणी पाय, कमरेला काळा लांबलचक पट्टा, त्याला फाशा म्हणतात. तो कंबर आवळून धरतो आणि वर चढणाऱ्याला त्याच्यावर पाय रोवता येतो. फाशा एकट्याने बांधता येत नाही, दुसऱ्याने एक टोक ताणून धरायचं आणि आपण गोल गोल फिरत त्यात गुंडाळून घ्यायचं. अनोळखी माणसाशी ओळख व्हायला यापेक्षा सोपी गोष्ट मी इथे बघितली नाही.

थर मोजायची भाषा तुला लगेच कळेल. 'चाराचा नऊ' म्हणजे प्रत्येक थरात चार माणसं आणि एकूण नऊ थर, वरचे शेवटचे तीन सोडून, तिथे लहान मुलं असतात. सगळ्यात वर जी चिमुरडी चढते ती अंशानेता, ती हात वर करते तेव्हा मनोरा लागला असं धरतात. पण खरं यश त्यानंतर आहे, सगळे थर न कोसळता उतरले तरच कास्तेल पूर्ण झाला म्हणतात. लावला पण उतरताना पडला तर त्याची नोंद वेगळी आणि मान कमी. वर हंडी नाही, मटकी नाही, बांधलेलं बक्षीस नाही. तुमच्या पथकातल्या काकी थर नीट उतरल्याशिवाय कुणाला टाळी वाजवू द्यायच्या नाहीत असं तू सांगितलं होतंस, त्या इथे असत्या तर पहिल्याच दिवशी रमल्या असत्या. बायकांचं म्हणशील तर त्या इथे मोठ्या संख्येने आल्या त्या १९८० च्या दशकात, आणि त्यानंतर कास्तेल खरे उंच गेले, वजन कमी, माणसं जास्त. दहा थरांचा पहिला कास्तेल तेरासाच्या मिन्योन्स कोयाने १९९८ मध्ये लावला. २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नाव गेलं. दर दोन वर्षांनी, सम साली ऑक्टोबरात, तारागोनाच्या जुन्या बैलझुंजीच्या रिंगणात मोठी स्पर्धा होते, ती एकदा बघच, वरून बघितलं की सगळ्या कोयांचे रंग एकमेकांत मिसळताना दिसतात.

पण हे सगळं बघायचं झालं. माझं बोलणं आहे ते पिन्याबद्दल. पिन्या म्हणजे मनोऱ्याच्या खालची गर्दी, मधल्या खांबांना चारी बाजूंनी रेटून धरणारी, शेकडो माणसं असतात, आणि कुणी पडलंच तर ते त्यांच्यावरच पडतं, म्हणजे तीच गादी. पिन्यात कुणालाही घेतात. वय, वजन, देश, काही विचारत नाहीत. मी पहिल्यांदा गेले ती ठरवून नाही गेले. आमच्या वस्तीच्या उत्सवात उभी होते, माईकवरून सांगितलं की पिन्याला माणसं कमी पडतायत, आणि शेजारच्या एका सत्तरीच्या आजींनी माझा हात धरला आणि ओढत आत नेलं, एक शब्द न बोलता. पुढच्या माणसाच्या पाठीला छाती टेकवायची, हात वर करून त्याच्या पुढच्याच्या हातांवर ठेवायचे, मान खाली. बस. वर काय चाललंय ते अजिबात दिसत नाही. ते कळतं ऐकून, ग्राया नावाचं वाद्य असतं, आपल्या सनईच्या जातीचं पण आवाज जास्त धारदार, त्याची धून मनोऱ्याबरोबर पुढे सरकते, चौथा थर चढला की सूर बदलला, अंशानेताने हात वर केला की पुन्हा बदलला, आणि खाली डोकं घालून उभ्या असलेल्या माणसाला त्या सुरांवरून कळतं की अजून किती वेळ दम धरायचाय. आणि हातांतून थरथर येते. कुठल्यातरी तिसऱ्याच्या पायातली थरथर पंधरा माणसांमधून माझ्या मनगटात आली ते मी आजही विसरले नाहीये. थर उतरले तेव्हा मी रडत होते आणि आजी माझ्या पाठीवर थापट्या मारत होत्या. त्या आजींच्या घरी मी नंतर अकरा वर्षं नाताळचं जेवले.

बाकीच्या गोष्टी तुला कोयातूनच कळत जातील म्हणून भराभर सांगते. ३१ ऑक्टोबरला कास्तान्यादा, रस्त्यावर चेस्टनट भाजतात, रताळी भाजतात, आणि पानायेत्स नावाची बदामाची मिठाई करतात, वरून चिलगोज्यासारख्या बिया लावलेली. तू अंडं खात नाहीस म्हणून विचारून घे, बहुतेक ठिकाणी बिया चिकटवायला अंडं वापरतात. डिसेंबरात घराघरात तिओ, म्हणजे लाकडाचा ओंडका, त्याला हसरा चेहरा, अंगावर ब्लँकेट, पोरं त्याला रोज खाऊ घालतात आणि २४ ला रात्री गाणं म्हणत काठीने बडवतात की त्याच्या खालून भेटवस्तू निघतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्या घरात लहान मूल आहे तिथे एकदा जाऊन बस. ३१ डिसेंबरला बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं, ती अख्ख्या स्पेनची रीत. ५ जानेवारीला संध्याकाळी येशूच्या जन्मकथेतले तीन राजे बोटीने बंदरात उतरतात, इथली पोरं भेटवस्तूंसाठी सांताक्लॉजपेक्षा त्यांचीच वाट बघतात.

मग काल्सोतादा, म्हणजे काल्सोत भाजून खायची पार्टी. यावर थांबते कारण हे तुझं होणार आहे, मला खात्री आहे. काल्सोत म्हणजे कांद्याचीच जात, लांब पांढऱ्या दांड्याची, दांडा पांढरा राहावा म्हणून वाढताना त्याच्यावर पुन्हा पुन्हा माती चढवतात. जानेवारी ते मार्च त्याचा भर. द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्यांचा जाळ करतात आणि त्याच्यावर बाहेरून पार काळे होईपर्यंत भाजतात, मग वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात आणि कौलावर वाढतात, खरंच छपराच्या कौलावर, म्हणजे गरम राहतात. काळं साल एका झटक्यात ओढून काढायचं, आतला मऊ गोड दांडा टोमॅटो, बदाम, हेझलनट, लसूण आणि वाळवलेल्या मिरचीच्या सॉसमध्ये बुडवायचा, मान मागे टाकायची आणि वरून तोंडात सोडायचा. हात काळे, गळ्यात कागदी लाळेरं, सगळे सारखेच. मला पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मामाच्या शेतावरची हुरडा पार्टी आठवली, तीच थंडी, तोच धूर, तीच राख फुंकत खाणारी माणसं. नंतर मांस येतं, तेव्हा आधीच सांगून ठेव की तुला नकोय, कुणी वाईट वाटून घेत नाही, काल्सोत मात्र वीस-पंचवीस खाऊन दाखव, त्याचा इथे मान आहे.

२३ एप्रिलला सांत जोर्दी, गुलाब आणि पुस्तकं, सुट्टी नसते तरी सगळं शहर रस्त्यावर. आणि ऑगस्टमध्ये घरी जायचं तिकीट काढणार असशील तर १५ तारखेनंतर आठवडाभर सोड, ग्रासिया वस्तीचा उत्सव असतो, एकेका गल्लीतले शेजारी कित्येक महिने बाटल्या, पुठ्ठे, जुने कागद जमवून आपली गल्ली सजवतात आणि सगळ्यात चांगल्या गल्लीला बक्षीस मिळतं. तू मंडळात रात्र-रात्र थर्माकोल कापत वाढलेली मुलगी आहेस, तुला यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.

आता भाषेचं. तू लिहिलंयस की सगळ्यांना स्पॅनिश येतं, मग इथली कातालान भाषा शिकण्यात वेळ कशाला घालवू. एक आठव. मुंबईत बाहेरून आलेला माणूस हिंदीवर आयुष्य काढू शकतो, काही अडत नाही. पण त्याने भाजीवालीला मराठीत दोन वाक्यं म्हटली की तिचा चेहरा कसा होतो ते तू बघितलंयस. इथे अगदी तसंच आहे. स्पॅनिश शीकच, ऑफिसची कामं, डॉक्टर, घरमालक सगळं त्याच्यावर चालतं, पण कोयात हाका मारतात त्या कातालानमध्ये. तुझा चेहरा बघून लोक आपणहून स्पॅनिशवर येतील, ते प्रेमाने येतात, तेव्हा हसून सांगायचं की माझ्याशी कातालानमध्ये बोला, मी शिकतेय. सरकारी ऑनलाईन कोर्स फुकट आहे, पार्ला.काट, आजच नाव घाल. आणि पत्त्याची नोंदणी, एम्पाद्रोनामिएन्तो, अजून केली नसशील तर ती या आठवड्यात कर, पुढची बरीच कागदपत्रं तिच्यावर अडतात.

सग्रादा फामिलियाचं चर्च तू एकदा दुपारी बारा वाजता बघून 'झालं' असं टिक केलंयस. मला ते बघवलं नाही गं. १८८२ पासून बांधतायत, त्याचा आर्किटेक्ट गौदी १८८३ पासून १९२६ मध्ये जाईपर्यंत त्याच्यातच होता, आणि आतला उजेड सूर्याबरोबर फिरतो. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-केशरी. हिवाळ्यात एकदा दुपारी चारच्या सुमाराला जा आणि नुसती बाकावर बस, तिकीट महाग आहे, वाढदिवसाला मी काढून देईन. मोंजुइक टेकडीवरचं राष्ट्रीय कला म्युझियम शनिवारी दुपारी तीननंतर फुकट असतं, तिथे पिरेनीज डोंगरांतल्या छोट्या चर्चमधून उतरवून आणलेली नऊशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत, ताउल गावचा तो मोठ्या डोळ्यांचा ख्रिस्त बघ. एका शनिवारी एकच दालन, घाई नको.

तुझ्या लिस्टमधली सत्तावीसच्या सत्तावीस ठिकाणं कुठेही जात नाहीत, निम्मी तर कोयातली मंडळीच तुला गाडीतून घेऊन जातील.

कास्तेलचा सीझन नोव्हेंबरच्या शेवटाला संपतो, म्हणजे अजून काही आठवडे हातात आहेत. आमच्या कोयाची प्रॅक्टिस मंगळवारी संध्याकाळी असते, मी आता खांद्यामुळे पिन्यात शिरत नाही, बाहेरच्या रांगेत हात लावते आणि नंतर सगळ्यांसाठी पाव-टोमॅटो करते. तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय, तिसऱ्या थरावरची मुलगी येतेय म्हटल्यावर आमच्या मुख्य बाई खूश आहेत, पण पहिले काही आठवडे तुला खालीच उभं करतील, ते मनावर घेऊ नकोस. साडेसातला मेट्रोच्या बाहेर उभी राहते. कानातलं, घड्याळ, अंगठ्या घरीच ठेवून ये, नखं कापून ये, आणि रात्रीचं जेवण माझ्याकडे, वरण-भात केलाय असं समज.

तुझी,
ताई