प्रोटॉन पंप आणि पेशीतील वाहतूक: सुरुवात कुठून करावी?

नांदेडला एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी चर्चासत्रासाठी तुम्ही हा विषय निवडलात, हे उत्तम झाले. मात्र व्ही-एटीपेज या प्रोटॉन पंपाच्या सगळ्या उपघटकांची नावे पाठ करण्यात आत्ताच वेळ घालवू नका. आधी सामूचे (pH) आकडे पक्के करा: पेशीद्रव्यात सुमारे ७.२, सुरुवातीच्या एंडोसोममध्ये (बाहेरून आत घेतलेला माल प्रथम जिथे पोहोचतो ती पिशवी) ६ ते ६.५ आणि लयकारिकेत (लायसोसोम) ४.५ ते ५. एटीपी खर्चून प्रोटॉन आत ढकलणारा हा पंपच ही उतरंड घडवतो. सामू ६ वरून ५ वर आला म्हणजे प्रोटॉनची संहती दहापट झाली, हे फळ्यावर लिहूनच पुढे जा.

त्यानंतर एकच उदाहरण मुळापासून समजून घ्या. माझ्या मते ते ट्रान्सफेरिनचे, म्हणजे रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनाचे, असावे. लोह घेतलेले ट्रान्सफेरिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीसह (receptor) पेशीत शिरते, एंडोसोममधील आम्लतेत लोह सुटते, रिकामे ट्रान्सफेरिन मात्र ग्राहीला धरूनच पृष्ठभागावर परतते आणि बाहेरचा ७.४ सामू मिळताच ग्राहीला सोडते. लोह पुढे पेशीद्रव्यात कसे पोहोचते, तो भाग सध्या बाजूला ठेवा.

नवशिक्यांकडून हमखास होणाऱ्या चुका अशा:

- पेशीपटलापासून पुटिका (पटलाची छोटी पिशवी) पंपच तोडतो, असे लिहिणे. पुटिकेचे आवरण क्लॅथ्रिन या प्रथिनाचे असते आणि तोडण्याचे काम डायनॅमिन या प्रथिनाचे.
- जठरातील आम्ल स्रवणारा पंप हाच समजणे. घरोघरी असलेली ओमेप्राझोलची गोळी त्या पंपासाठी असते. व्ही-एटीपेज रोखायला प्रयोगशाळेत बॅफिलोमायसिन वापरतात.
- क्लोरोक्विनला पंपरोधक म्हणणे. ते दुर्बल आम्लारी असून पुटिकेत अडकून सामू वाढवते, आणि परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.